आईच्या डोक्यावर हात ठेवायचा, पण कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुपच्या एका ताईंच्या आईला, वय ६१, डाव्या स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, परळला केमो चालू आहे, आठपैकी पाच झाल्या. तळपायांना मुंग्या येतात, झोप लागत नाही. रात्री आई म्हणते, "जरा डोक्यावर हात ठेव गं, बरं वाटतं." मधल्या मध्ये ओळखीतून एक बाई भेटल्या. हस्तस्पर्श आणि प्रार्थना करून २१ बैठकांत रोग मुळासकट काढते म्हणाल्या, ३१,००० रुपये मागितले, आणि तोवर केमो "जरा थांबवा" असंही सुचवलं. भावाच्या मते हे सगळंच थोतांड. ताईंचे प्रश्न चार: खरंच गुण येतो का, घरी जमेल का, हात कुठे आणि किती वेळ ठेवायचा, आणि आपली पाळी असताना चालतं का.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात, त्या आधी सोडवून घेऊ. आईनं मागितलाय तो तुमचा हात. त्या बाई विकतायत तो बरं होण्याचा वायदा. भाऊ चिडलाय तो वायद्यावर, आणि त्या रागात हातालाही थोतांड म्हणून बसलाय. आजाऱ्याजवळ बसून स्पर्श आणि प्रार्थना करणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून आधीच सांगते: हातानं गाठ जात नाही. उरलेल्या कॅन्सरच्या पेशी मरतात त्या केमोनं, रेडिएशननं, हॉर्मोनच्या गोळ्यांनी. हातानं होतं ते वेगळं. धडधड उतरते, श्वास लांब होतो, दुखणं थोडा वेळ मागे सरतं, कधी झोप लागते. रात्री दोन वाजता टक्क जाग्या माणसाला हे थोडं नसतं. पण हा उतार काही तासांचा असतो, तो रोगाचा उतार म्हणून कुणी विकत असेल तर ती फसवणूक.

हात ठेवण्यानं बरं का वाटतं? आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे हाताच्या मागच्या बाजूला, पाठीला, कपाळाला, अगदी बारीक मज्जातंतू असतात, जे हळू आणि कोमट स्पर्शालाच सगळ्यात जास्त जागे होतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर हा त्यांचा वेग. त्याहून भरभर चोळलं की मजा जाते, नुसती खाजवल्यासारखी जाणीव उरते. आई बाळाला थोपटते, कुरवाळते तो वेग बहुतेक याच पट्ट्यात असतो, कुणी शिकवलेला नसताना. बाकीचं काम शांतता करते, आणि "माझ्यासाठी कुणीतरी बसलंय" ही जाणीव करते.

मग "ऊर्जा" जाते का हातातून? रेकी शिकवणारे तसं सांगतात. जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ साली क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावरच्या साधनेनंतर ही पद्धत सुरू केली, पुढे हवाईच्या हावायो ताकाता यांच्यामार्फत ती जगभर पसरली आणि मुंबईतही गल्लोगल्ली पोचली. ऊर्जा मोजणारं यंत्र कुणाकडे नाही. एक साधा प्रयोग मात्र झालेला आहे. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं शाळेसाठी तो केला आणि १९९८ मध्ये तो तिथल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हातानं माणसाचं ऊर्जाक्षेत्र जाणवतं म्हणणाऱ्या २१ जणांना पडद्यामागून हात पुढे करायला लावले. मुलगी आपला हात त्यांच्या उजव्या की डाव्या हातावर धरते ते ओळखायचं. २८० वेळांपैकी १२३ वेळा बरोबर आलं, म्हणजे ४४ टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तर ५० आले असते. तळवा गरम होणं, मुंग्या येणं, यावर नवशिके हरखून जातात. दोन अंगं दहा मिनिटं एकमेकांना टेकली की मधली उष्णता कुठे जाणार? आणि मुंग्या बहुधा कोपर पलंगाच्या कडेवर दाबून बसल्यामुळे येतात. बसण्याची पद्धत बदला, "ऊर्जा" जाते. मी हे रेकीवाल्यांच्या द्वेषानं लिहीत नाही. हात ठेवायला कुणाच्या दीक्षेची, पायऱ्यांची, प्रमाणपत्राची गरज नाही, एवढंच तुम्हाला कळावं.

आता घरी कसं करायचं. हा भाग मी सविस्तर लिहिते, कारण चुका इथेच होतात.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, १३७व्या सूक्ताच्या शेवटी आजाऱ्याला स्पर्श करण्याचा एक मंत्र आहे: "हस्ताभ्यां दशशाखाभ्यां जिह्वा वाचः पुरोगवी". दहा फांद्यांचे हे दोन हात, आणि वाणीला पुढे नेणारी जीभ. या रोग हटवणाऱ्या हातांनी आम्ही तुला स्पर्श करतो, असा पुढचा अर्थ. मंत्राचं फळ बाजूला ठेवा, क्रम तेवढा घ्या. जीभ पुढे, हात मागे. बेसावध, डोळे मिटून पडलेल्या आजाऱ्याच्या अंगाला अचानक हात लागला की ते दचकतं. आधी बोला, "आई, हात ठेवतेय हं, खांद्यावर." ती "हं" म्हणाली, मान हलवली, की मग हात. "नको" म्हणाली तर नको. केमोनंतरच्या काही दिवसांत अंगावर चादरसुद्धा नकोशी होते. त्या दिवशी नुसतं जवळ बसून प्रार्थना म्हणायची.

वेळ निवडताना आपल्या घराचा विचार करा. वन रूम किचनमध्ये संध्याकाळी साडेसात ही सगळ्यात वाईट वेळ: कुकर, टीव्ही, शेजारच्यांची ये-जा. रेल्वेच्या आवाजानं काही बिघडत नाही, भांडुपकरांना तो ऐकूच येत नाही. सवयीचा सलग आवाज चालतो. बिघडवतात ते अवचित आवाज. कुकरची शिट्टी, दाराची बेल, फोन. तेव्हा जेवणं उरकून तासभर झाल्यावर, झोपायच्या आधी. फोन बंद करून दुसऱ्या खोलीत, निदान फ्रिजवर. पंखा एक घर कमी. उदबत्ती, धूप, कापूर, अत्तर, बाम काहीही नको; केमोत नाक इतकं हळवं होतं की आवडीच्या चंदनाच्या वासानंही उलटी होते. देवापुढे समई असेल तर तेवढी पुरे.

हात साबणानं नीट धुवा, निदान २० सेकंद, आणि पूर्ण कोरडे करा. नखं कापलेली असावीत. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. धातू थंड लागतो आणि बांगड्या किणकिणतात. थंड हात ठेवण्यापेक्षा न ठेवलेला बरा. पाऊण मिनिट तळवे चोळा, नाहीतर कोमट पाण्याचा स्टीलचा पेला दोन मिनिटं धरून बसा. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी दुसऱ्यानं बसावं, किंवा मास्क लावून पायांशी बसा.

आता सगळ्यात मोठी चूक: हाताचं वजन. नवीन माणूस पलंगाच्या कडेला अर्धवट टेकतो, हात लांब करतो आणि कोपर अधांतरी ठेवतो. चार मिनिटांत खांदा भरून येतो, हात थरथरतो, आणि नकळत सगळा भार आजाऱ्यावर जातो. ओट्यावरचा वजनकाटा घ्या. कोपर अधांतरी ठेवून तळवा त्यावर टेकवा, काटा सहज अर्धा किलो, कधी त्याहून जास्त दाखवेल. मग कोपराखाली उशी घ्या आणि पुन्हा बघा. आपल्याला हवंय ते १०० ग्रॅमच्या आसपास, एका बऱ्यापैकी चिकूएवढं. दोन-तीनदा काट्यावर सराव केला की हाताला ते वजन कळायला लागतं. प्लॅस्टिकचं स्टूल पलंगाच्या उंचीचं असावं, नसेल तर त्यावर घडी घातलेली गोधडी. पाय जमिनीला टेकलेले. तुमची पाठ दुखली तर दहाव्या दिवशी तुम्हीच कंटाळाल, आणि आईला ते पहिल्या मिनिटाला कळेल.

डोक्यापासून सुरुवात करू नका, आईनं डोकंच मागितलं असलं तरी. आधी उजवा हात हातात घ्या, दोन मिनिटं. तळव्याखाली एक तळवा, वर दुसरा. यात तुमची घाई तिला आणि तिचा ताण तुम्हाला कळतो. मग उजवा खांदा, तीन मिनिटं. मग कपाळ आणि टाळू, तीन-चार मिनिटं. केस गेलेलं डोकं हुळहुळं असतं, त्यावर हात फिरवायचा नाही. मऊ सुती फडकं टाकून त्यावर तळवा नुसता टेकवायचा. ती उजव्या कुशीवर वळू शकत असेल तर दोन खवाट्यांच्या मधे तीन मिनिटं, ही जागा झोपेला फार चांगली. शेवटी पावलं, दोन मिनिटं. सगळं मिळून पंधरा मिनिटांच्या आत. वाईट दिवशी नुसता हात धरून पाच मिनिटं. तासाभराच्या बैठकीचा हट्ट कुणी सांगेल, आजारी माणसाला तो झेपत नाही. एका कुशीवर वीस मिनिटांत अंग अवघडतं.

हात फिरवायचा असेल तर उजव्या हाताच्या वरच्या बाजूनं, कोपरापासून मनगटापर्यंत. अंतर साधारण २५ सेंटिमीटर. त्याला सात-आठ सेकंद लागले पाहिजेत. मनात "राम कृष्ण हरि" तीनदा सावकाश म्हटलं की बरोबर तेवढा वेळ जातो. पहिल्यांदा हे नको इतकं हळू वाटेल. तसंच ठेवा.

हात उचलताना झटक्यात उचलू नका. तिच्या एका उच्छ्वासाबरोबर वजन कमी करत न्या, मग काढा.

कुठे हात लावायचा नाही, हे तुमच्या आईच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं. डावी छाती, डावी काख आणि व्रण, इथे नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर डाव्या हातावर दाब, चोळणं, तेल काही नाही. त्या हाताला सूज चढण्याचा धोका पुढेही राहतो, आणि सूज उतरवण्याचं मालिश वेगळं असतं, ते शिकलेल्या फिजिओथेरपिस्टचंच काम. केमोचा पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी कातडीखाली ठेवतात ती डबी, बसवला असेल तर त्याच्या आसपास नाही. सलाईनची नस लाल किंवा टणक झाली असेल तिथे नाही. पोटऱ्या दाबायच्या नाहीत. एका पायाला सूज, ऊब, दुखणं असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्यानं ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. प्लेटलेट, म्हणजे रक्त वाहायचं थांबवणाऱ्या पेशी, कमी झाल्यात असं रिपोर्टात असेल तर त्या आठवड्यात दाबणं कुठेच नाही, नुसतं टेकवणं. पायांच्या मुंग्यांवर गरम पाण्याची पिशवी कुणी सुचवेल, देऊ नका. केमोनं तिथली जाणीव बोथट झालेली असते, भाजलेलं कळत नाही. तुमच्या तळव्याची ऊब पुरे. मुंग्या वाढतायत हे मात्र पुढच्या केमोआधी डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यावरून डोस बदलतात. आणि पुढे रेडिएशन सुरू झालं की तिथल्या कातडीवर अंगारा, कुंकू, हळद, तेल काहीही लावू नका. मशीन लावण्यासाठी काढलेल्या खुणा पुसू देऊ नका.

ताप हा वेगळा विषय. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. या काळात ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसला पोचला, तर हात ठेवून, प्रार्थना करून, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन, आणि सांगतील तसं निघायचं. याच काळात बाहेरचं तीर्थ, कच्च्या दुधा-दह्याचं पंचामृत, गोमूत्र, अंगारा पोटात घेणं बंद. उपास बंद. शेजारणीनं दिलेला गुळवेलीचा काढाही नको. त्यानं यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवल्यात. सिद्धिविनायकाचा मंगळवार, माहीमच्या चर्चचा बुधवारचा नोव्हेना, हाजी अली, जिथे आईची श्रद्धा असेल तिथे तिच्या वतीनं दुसऱ्या कुणी जावं. बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात, पाय वाहतात ना, तेही आजाऱ्याच्या नावानं दुसऱ्यानं वाहिलेले चालतात. गर्दीत तिला नेऊ नका.

आता प्रार्थना. कोणती? तिची. तुमची नाही, माझी नाही. आई वारकऱ्यांच्या घरातली असेल तर हरिपाठाचे दोन अभंग. माहेरी संध्याकाळी रामरक्षा म्हणत असतील तर ती तर या कामासाठी घडवल्यासारखी आहे. चौथ्या श्लोकापासून नवव्यापर्यंतचं कवच डोक्यापासून पायांपर्यंत एकेक अवयव घेत उतरतं: "शिरो मे राघवः पातु", पुढे डोळे, कान, नाक, मुख, कंठ, "स्कन्धौ दिव्यायुधः पातु", मग हात, हृदय, नाभी, गुडघे, शेवटी पावलं आणि "पातु रामोऽखिलं वपुः". आईनं ओळ म्हणावी, तुमचा हात त्या ओळीबरोबर जावा. यात "मे" आहे, म्हणजे "माझं". म्हणून जमेल तोवर तिनंच म्हणावं. दम लागत असेल तर तुम्ही म्हणा, तिनं फक्त शेवटचा "पातु" धरावा. "हृदयं जामदग्न्यजित्" आलं की हात डाव्या छातीवर नेऊ नका, तिचा उजवा तळवा धरून तिथेच थांबा. पूर्ण रामरक्षेला मध्यम गतीनं आठ-दहा मिनिटं लागतात. दमलेल्या माणसाला हे सहा श्लोक पुरेसे आहेत.

पाठांतर नसेल तर साध्या मराठीत बोला, पण मागणं लहान ठेवा. "देवा, हिचा कॅन्सर जाऊ दे" हे रोज हात ठेवून मोठ्यानं म्हटलं की आजाऱ्यावर दडपण येतं: उद्याचा रिपोर्ट वाईट आला तर माझीच भक्ती कमी पडली. त्यापेक्षा, "आजची रात्र शांत जाऊ दे. मळमळ थांबू दे. चार तास झोप लागू दे." उसुईंच्या साधकांना रोज म्हणायच्या ओळींची सुरुवातही "फक्त आजच्या दिवसापुरतं" अशीच आहे, राग नको, काळजी नको. हे मला त्यांच्या सगळ्या पद्धतीतलं सगळ्यात उपयोगी वाटतं.

नातेवाइकांच्या ग्रुपवर "आम्ही ५० जण प्रार्थना करतोय, तुम्ही नक्की बऱ्या होणार" असे निरोप येत असतील तर ते आईला वाचून दाखवू नका. अमेरिकेत सहा हॉस्पिटलांत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा एक अभ्यास २००६ साली छापून आला. ज्यांच्यासाठी परक्या मंडळींनी प्रार्थना केली पण ज्यांना ते नक्की माहीत नव्हतं, त्यांच्यात गुंतागुंत ५२ टक्के. ज्यांच्यासाठी केली नाही आणि ज्यांनाही माहीत नव्हतं, त्यांच्यात ५१. म्हणजे फरक नाही. पण "तुमच्यासाठी प्रार्थना होणारच आहे" असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९. असं का झालं याचं पक्कं उत्तर नाही, "इतका का मी आजारी?" ही धास्ती हे एक कारण सुचवलं गेलं. लांबून परक्यांनी केलेली प्रार्थना आणि उशाशी बसलेल्या मुलीनं केलेली, यांत फरक आहेच. तरी आजाऱ्याच्या कानावर खात्रीची भाषा घालायची नाही, एवढं मी त्यातून घेतलंय.

करताना काय दिसेल? श्वास लांबेल, पापण्या फडफडतील, पोटात गुरगुरेल, कधी डोळ्यांतून पाणी येईल. रडली तर हात तसाच ठेवा, "काय झालं" विचारत सुटू नका. खांदे आखडले, श्वास भरभर झाला, हात मागे ओढला तर थांबा. काही लोक यालाच "विष बाहेर पडतंय, आधी वाढतं मग उतरतं" म्हणून चालू ठेवायला सांगतात. तसं काही नसतं. त्रास वाढला म्हणजे थांबायचं, आणि नवीन दुखणं असेल तर डॉक्टरांना सांगायचं.

एक जुनी वही घ्या. तारीख, केमोचा कितवा दिवस, बसण्याआधी दुखणं आणि घालमेल दहापैकी किती, नंतर किती, झोप किती तास. दहा दिवसांत कळेल की उपयोग होतोय का, आणि कुठल्या जागेनं. सातावरून चारावर येत असेल तर छान. काहीच हलत नसेल तर वेळ बदला, जागा बदला, आणि तरी नाहीच हललं तर पंधरा मिनिटांऐवजी पत्ते खेळा, तेही चालतं. दुखणं रोज सहाच्या वर राहत असेल तर हा हाताचा विषय नाही. दुखण्यासाठी आणि त्रास कमी करण्यासाठी मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत वेगळा विभाग असतो, तिथे पाठवा म्हणून डॉक्टरांकडे आग्रह धरा. मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, सुरू झालं की शेवट, या भीतीनं घरोघर माणसं विनाकारण कळा सोसतात.

हे सगळ्यांना सारखं लागू नाही. ज्यांना "कुणीतरी मला हात लावतंय", "अंगात शिरलंय" असे भास होतात, त्यांना असा स्पर्श आणि मंत्र देऊ नयेत, भास पक्के होतात. तिथे मनोविकारतज्ज्ञ लागतो, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. लहानपणी नको त्या स्पर्शाला सामोरं जावं लागलेल्यांना बंद डोळ्यांनी पडून राहणंच असह्य होतं. त्यांना बसवून, डोळे उघडे ठेवून, फक्त तळहात धरावा.

आता त्या बाई. २१ बैठका, ३१,००० रुपये, हे मी बाजूला ठेवलं असतं. लोक याहून वाईट गोष्टींवर खर्च करतात. पण "केमो थांबवा" हे एक वाक्य आल्यावर पुढे बोलणं संपतं. केमोच्या तारखा हिशेबानं ठरलेल्या असतात, कारण दोन डोसांमधे शरीराबरोबर उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशीही सावरतात. रक्ताचे आकडे बघून डॉक्टर आठवडा पुढे ढकलतील ते वेगळं, २१ बैठका होईपर्यंत थांबणं वेगळं. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानं कॅन्सर बरा करण्याच्या उपायाची जाहिरात करायला बंदी आहे, आणि त्या कायद्यात मंत्र, कवच, ताईत हे "जादूचे उपाय" म्हणून नावानिशी आलेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. घरची पूजा, हरिपाठ, कीर्तन यांना तो हात लावत नाही, म्हणून भावानं त्या कायद्याचा धाक आईच्या रामरक्षेला घालू नये.

अशा बैठकांत "दाखवून" विश्वास कसा बसवतात, त्याचं एक उदाहरण देते, म्हणजे नजर तयार होईल. कावीळ उतरवणारे आजाऱ्याचे हात चुन्याच्या निवळीत धुतात आणि पाणी पिवळंधम्मक होतं. हाताला आधीच आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो. तो चुन्याला लागला की पिवळा होतो. कावीळ नसलेल्या माणसाचे हात धुवा, तितकंच पिवळं निघेल. आणि दूषित पाण्यातून आलेली कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआपच उतरते, तिचं श्रेय हात धुणाऱ्याला. कॅन्सरच्या बाबतीत श्रेय घेण्याची जागा केमोनंतरचा तिसरा आठवडा. तेव्हा माणसाला तरतरी येतेच, बैठक त्याच सुमारास ठेवली की झालं.

घराबाहेरच्या कुणाला बोलवायचंच असेल, आणि कधी कधी आईला देवळातल्या काकूंचा किंवा चर्चमधल्या सिस्टरचा हात हवासा वाटतो, तर चार अटी घाला. औषधाबद्दल शब्द नाही. दार उघडं, घरचं माणूस खोलीत. कपडे अंगावर, छातीला आणि मांड्यांना हात नाही. पैसे आधीच ठरलेले, किंवा नाहीतच. बैठकागणिक वाढणारे नाहीत. "तुमची श्रद्धा कमी पडली" हे वाक्य आलं की चहा देऊन निरोप.

राहिला शेवटचा प्रश्न. पाळीत हात ठेवला तर चालतो. हात तोच, ऊब तीच. तुमची कंबर दुखत असेल तर कोपराबरोबर पाठीमागेही उशी घ्या किंवा वेळ निम्मा करा. पण तुमच्या पाळीचे चार दिवस शिवायचं नाही असं आई स्वतः मानत असेल तर तिच्याशी या वयात, या आजारात वाद घालू नका. अवघडलेल्या माणसाला स्पर्शानं बरं वाटत नाही. तेवढे चार दिवस भावाला बसवा. त्याला प्रार्थना करायला सांगू नका, नुसता आईचा उजवा हात धरून पाच मिनिटं बस म्हणा, आणि वही त्याच्याच हातात द्या. थोतांड म्हणणारी माणसं आकडे मन लावून लिहितात. श्लोक येत नसला तरी चालेल त्याला. बसण्याआधी हात धुतोय का, तेवढं मात्र बघा.